टिटवीची कावीळ

आकडा उतरला होता. सगळे हसले होते. फक्त आबा हसले नव्हते.

मृण्मयी त्या वेळी अकरा वर्षांची होती. आता ती चांगली मोठी झाली आहे, तिला चष्माही लागला आहे. पण मिरजेच्या ‘अंकुर’ बालरुग्णालयाचा तो लांबलचक व्हरांडा आठवला, की तिला अजून आधी दिसतो तो आबांचा न हसलेला चेहरा. बाकीचं सगळं मागून येतं. आईच्या डब्यातल्या मुगाच्या खिचडीचा वास, बाकावर सांडलेला भडंग आणि टिटवीच्या डाव्या चाकाची कुरकुर. त्या चाकाला कितीही तेल घाला, ते कुरकुरायचं ते कुरकुरायचंच. “अहो, तिला बोलायची सवय आहे,” आबा म्हणायचे, “चाकानं तरी गप्प का बसावं?”

टिटवी म्हणजे रुग्णालयातला रोबो. पत्र्याची छाती, लांब बारीक मान आणि वर दोन गोल डोळे. मोठ्या शहरांत तोवर गुळगुळीत, चकचकीत रोबो आले होते, पण मिरजेत अजून ही जुनी टिटवीच राज्य करत होती. तिला घडवलं होतं मृण्मयीच्या आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, डॉ. सुहास आवटींनी, त्यांच्या नोकरीच्या उमेदीच्या दिवसांत. मुलांच्या यकृताचे आजार हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आजारी मुलाचं पुढे काय होईल, याचा अंदाज बांधणारं यंत्र त्यांना हवं होतं. त्यांच्या गावाकडे टिटवीनं शेतात उंचावर अंडी घातली की लोक म्हणत, यंदा पाऊस दांडगा. तिथून हे नाव आलं. “ते खरं असतं का हो, आबा?” असं मृण्मयीनं एकदा विचारलं होतं. “अंदाज चुकायचा,” आबा म्हणाले होते, “पण खूण शोधायची खोड आम्हाला तिथेच लागली.”

आता आबा निवृत्त झाले होते. ज्या व्हरांड्यातून पूर्वी त्यांच्यामागून डॉक्टरांची फौज चालायची, तिथल्या बाकावर ते एका पेशंटचे नातेवाईक म्हणून बसले होते. पेशंट होता कैवल्य, मृण्मयीचा धाकटा भाऊ.

त्या वर्षी एक नवाच विषाणू (पेशींत शिरून आपली पिलावळ वाढवणारा अतिसूक्ष्म कण) आला होता. जुन्या काविळीची लस सगळ्या मुलांना टोचलेली होती, पण हा त्या काविळीच्या विषाणूचा लांबचा भाऊबंद. त्याला कोणाचंच शरीर ओळखत नव्हतं. बहुतेक मुलं आठ-दहा दिवस पिवळी पडली आणि पुन्हा उंडारायला लागली. कैवल्य मात्र पिवळाच होत गेला. त्याला अन्न नकोसं झालं, उलट्या सुरू झाल्या आणि बाबा त्याला उचलून ‘अंकुर’मध्ये घेऊन आले.

दारातच टिटवी कुरकुरत पुढे आली होती.

“नाव कैवल्य आवटी. वय पाच,” ती म्हणाली.

बाबांच्या खांद्यावर मान टाकून पडलेल्या कैवल्यनं डोळे उघडले. “पाच नाही, साडेपाच!”

“चूक सुधारली,” टिटवी म्हणाली. “वय साडेपाच.”

हे त्याचं नेहमीचं होतं. आठवड्यापूर्वीच त्यानं आईकडून अर्धा केक करून घेऊन आपला अर्धा वाढदिवस साजरा केला होता. तेव्हापासून कोणी ‘पाच’ म्हणायची खोटी, की हा उसळलाच. मृण्मयी तर मुद्दाम म्हणायची.

डॉ. नसीमा मुजावर या तिथल्या मुख्य डॉक्टर, आबांच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी कैवल्यला तपासलं आणि सांगितलं, की याला तीव्र यकृत-निकामीपणा (चांगलं चालणारं यकृत थोड्याच दिवसांत एकदम हात टेकतं ती अवस्था) आला आहे. त्याला काचेच्या खोलीत ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या रक्ताची तपासणी होई आणि आकडे व्हरांड्यातल्या पडद्यावर येत. त्यातल्या एका आकड्यावर बाबांचा डोळा होता. यकृताच्या पेशींच्या आत एक विकर (शरीरातली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन) असतं. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. रक्तात ते जितकं जास्त, तितक्या जास्त पेशी फुटल्या. कैवल्यचा हा आकडा चार हजारांच्या घरात गेला होता. आणि त्या सकाळी तो एकदम आठशेवर आला.

“उतरला! उतरला!” म्हणत बाबांनी आईला मिठीच मारली. आईनं देवाला हात जोडले आणि पेढे आणायच्या गोष्टी सुरू झाल्या. आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

मृण्मयी त्यांच्याजवळ सरकून बसली. “आबा, आकडा उतरला ना? मग तुम्ही का नाही हसलात?”

आबांनी तिच्याकडे बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि अकरा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं हे त्यांना ठाऊक होतं.

“तुला आमची घाटवाडी माहीत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे तू गेली आहेस, पण ती आताची. मी सांगतोय ती माझ्या लहानपणची. कृष्णेच्या पलीकडच्या अंगाला. घरटी एक म्हैस. पहाटे धारा निघायच्या आणि सायकलींना अडकवलेल्या किटल्यांमधून दूध मिरजेला यायचं. त्या किटल्यांचा खडखडाट ऐकून मिरज जागी व्हायची. मी इथे मामांकडे शिकायला होतो. गावच्या किटल्या ओळखू यायच्या, आईनं आमच्या किटलीच्या कडीला लाल चिंधी बांधलेली असायची. ती दिसली की मला आई भेटल्यासारखं वाटायचं.”

पुढचं सांगताना आबांचा आवाज जरा हळू झाला होता.

“एका वर्षी नदी अशी फुगली की पूल पाण्याखाली. फोनच्या तारा तुटलेल्या. गावाचं काय झालं, काही कळेना. आम्ही घाटावर बसून बघायचो. पाण्यातून काय काय वाहत यायचं! पाट, घागरी, कणग्या, कोणाचा तरी पाळणा. पहिल्या दिवशी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी एकदम कमी झालं. लोक म्हणाले, चला, सुटलो! मामा मात्र गप्प. आता तू सांग, वाहून येणाऱ्या वस्तू कमी का झाल्या असतील?”

“पूर ओसरला म्हणून,” मृण्मयी लगेच म्हणाली.

“हे एक झालं. आणखी?”

मृण्मयीनं विचार केला. मग तिचा चेहरा उतरला. “वाहून जायला... घरांत काही उरलंच नसेल तर?”

आबांनी मान हलवली. “कैवल्यच्या त्या आकड्याचंही तसंच आहे. पेशी फुटायच्या थांबल्या, तरी तो उतरतो. आणि फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत, तरीही उतरतो. तो आकडा खोटं बोलत नाही गं. पण तो लग्नघरीही जेवतो आणि सुतकाच्या घरीही जेवतो. त्याच्या तोंडावरून घर कोणतं ते कळत नाही.”

“मग मामांना कसं कळलं?”

“दुधावरून. बचावपथकाची एक होडी नदीपलीकडच्या टेकाडापर्यंत जायची. गाव त्याच्याही मागे, झाडीत. टेकाडावर कोणी काही आणून ठेवलं असेल, तर ती घेऊन यायची. त्या दिवशी जेवताना मामीनं लोणचं वाढलं. मी म्हटलं, मामा, हे आपल्या गावचं लोणचं! म्हणजे गाव आहे! मामा म्हणाले, अरे, लोणचं गेल्या उन्हाळ्यातलं. गाव तेव्हा होतं, एवढंच ते सांगतंय. आज आहे का, ते दूध सांगेल. दूध शिळं टिकत नाही. ते आलं, तर कोणीतरी आज म्हैस पिळली आहे. आणि चौथ्या दिवशी होडीतून लाल चिंधीची किटली आली.”

शरीरातही लोणचं आणि दूध असतं, हे मृण्मयीला त्या दिवशी कळलं. यकृत एक प्रथिन बनवतं, त्याचं नाव अल्ब्युमिन (रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवणारं प्रथिन). ते आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणून यकृतानं हात टेकले तरी रक्तात ते बरेच दिवस शिल्लक दिसतं. हे झालं लोणचं. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनंही बनवतं. जखम झाली की रक्त थांबवतात ती. त्यांतली काही तर थोड्या तासांतच निम्मी होतात. यकृतानं आज ताजी बनवली नाहीत, तर आज कमी पडतात. हे झालं दूध. ती कमी पडली की रक्त गोठायला वेळ लागतो. निरोगी मुलाचा हा आकडा एकच्या आसपास असतो. कैवल्यचा तीनवरून चारवर चढला होता.

“म्हणजे दूध कमी येतंय,” मृण्मयी म्हणाली.

“हो,” आबा म्हणाले. “म्हणून मी हसलो नाही.”

त्याच दुपारी घाटवाडीहून इंदूआत्या आली. ही आबांची थोरली बहीण. पांढरे शुभ्र केस, नाकात चमकी आणि आवाज असा की दोन वॉर्ड ऐकू जावा. तिच्या पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेली काविळीची माळ होती. घेटुळीच्या मुळांचे ओले तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून केलेली, इवलीशी, जेमतेम डोक्यावर बसेल एवढी. गावाकडे ही माळ पेशंटच्या डोक्यावर ठेवत. ती दिवसागणिक वाढत जाई, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून खाली पायांशी येई. माळ उतरली की कावीळ उतरली, असं सगळे म्हणत.

नर्सनं सांगितलं, की काचेच्या खोलीत बाहेरचं काहीही नेता येणार नाही.

“आरं सुहास, तू तरी सांग की तिला!” आत्या कळवळून म्हणाली. “मला काय कळत न्हाई व्हय? पर पोरगं आत पडलंय आन् हात रिकामं ठिवून कसं बसू मी?”

मृण्मयीला वाटलं, आबा आता विज्ञानाचं भाषण ठोकणार. पण त्यांनी ती माळ अलगद हातात घेतली, थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि जवळ उभ्या असलेल्या टिटवीच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवली.

“हिला कशापायी? हिला कुठं कावीळ झालीय?” आत्या म्हणाली.

“हिला यकृतच नाही, अक्का,” आबा म्हणाले. “म्हणूनच.”

“अन् टिटवी वरडली की वंगाळ म्हणत्यात. ह्यानं दवाखान्यात आनून ठिवलीय!” असं पुटपुटत आत्यानं पदरानं डोळे पुसले.

टिटवी माळ मिरवत आपल्या कामाला निघून गेली. तिला बघून सगळा व्हरांडा हसला. अगदी आईसुद्धा हसली, ते मृण्मयीला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. मृण्मयी काचेबाहेर उभी राहून आतल्या ध्वनिक्षेपकातून कैवल्यशी बोलायची. त्या सकाळी ती नेहमीच्या खोडीनं म्हणाली, “कसा आहे आमचा पाच वर्षांचा कैवल्य?”

कैवल्यनं तिच्याकडे बघितलं आणि तो काहीच बोलला नाही.

“पाच वर्षांचा!” ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं.

“आई, गाडी आली का?” कैवल्य तिला म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून कूस बदलली.

कुठली गाडी, आणि आई कुठली? मृण्मयी पळत आबांकडे गेली. आबांनी तिला जवळ घेतलं. अन्न पचताना शरीरात अमोनिया (नाकाला झोंबणारा एक विषारी वायू, जो रक्तात विरघळून फिरतो) तयार होतो. यकृत त्याला निरुपद्रवी करून टाकतं. यकृत थकलं की तो रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस गुंगीत जातो, ओळखीची माणसंही त्याला ओळखू येत नाहीत.

“तू जे बघितलंस ना, ती खूण रक्ताच्या आकड्याइतकीच मोलाची आहे,” आबा म्हणाले. “चल, टिटवीला सांगू.”

टिटवीनं सगळं ऐकून घेतलं. माळ आता तिच्या गळ्यात आली होती.

“माझ्या आठवणीत देशोदेशींची हजारो मुलं आहेत,” ती म्हणाली. “त्यांतली आजच्या कैवल्यसारखी शंभर मुलं मी निवडली आहेत. साधारण तेवढ्याच वयाची, तेवढाच गोठण्याचा आकडा, तेवढाच अमोनिया, तेवढीच गुंगी. त्यांतली तीस आपल्याच यकृतावर बरी झाली. उरलेल्या सत्तरांना दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा लागला, किंवा तो वेळेत मिळाला नाही.”

“आणि कैवल्य? तो तिसांतला की सत्तरांतला?”

“ते मला माहीत नाही.”

“मग तुझा उपयोग काय?” मृण्मयी किंचाळलीच. “कशाला ठेवलंय तुला इथे?”

टिटवीचे गोल डोळे दोनदा उघडझाप झाले. “मी एका मुलाचं भविष्य सांगत नाही. तो आत्ता कोणाच्या घोळक्यात उभा आहे, तेवढं सांगते. पुढच्या तपासणीनंतर घोळका बदलतो. कधी चांगल्याकडे, कधी वाईटाकडे. मी पुन्हा सांगते.”

मृण्मयीला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. ‘माहीत नाही’ असं स्वच्छ म्हणणारी ती एकटीच होती, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

डॉ. मुजावरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. बाबांच्या यकृताचा एक तुकडा कैवल्यला बसवता येणार होता. यकृत हा मोठा गुणी अवयव. तुकडा काढला तरी तो बाबांच्या शरीरात पुन्हा वाढला असता. बाबा तर आत्ता घ्या म्हणून बसले होते.

“मग करून टाका ना, मॅडम,” आई म्हणाली. “वाट कशाची बघायची?”

“दुसऱ्याचं यकृत बसवलं, की शरीर त्याला परकं समजून हाकलायला बघतं,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात, जन्मभर जपावं लागतं. त्याचं स्वतःचं यकृत उभं राहणार असेल, तर ते काढून टाकणं हा अन्याय. आणि उभं राहणार नसेल, तर वाट बघणं हा त्याहून मोठा अन्याय. ऑपरेशनची सगळी तयारी ठेवली आहे. उद्या सकाळचं रक्त ठरवेल.”

“मॅडम, ती पिवळी पिशवी देता का?” बाबांनी विचारलं. ते रक्तद्रवाबद्दल (रक्तातल्या पेशी काढून घेतल्यावर उरणारा पिवळसर पातळ भाग) बोलत होते. “त्यात गोठवणारी प्रथिनं असतात ना? आकडा लगेच खाली येईल.”

“कुठे रक्त वाहायला लागलं, तर त्या क्षणाला देईन,” डॉक्टर म्हणाल्या. “पण नुसता आकडा चांगला दिसावा म्हणून—”

“ते गावच्या किटलीत विकतचं दूध ओतल्यासारखं होईल!” मृण्मयी मध्येच बोलली. “मग गावाहून आलं की नाही, कसं कळणार?”

डॉ. मुजावरांनी वळून आबांकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “सर, लाल चिंधीची किटली अजून चालूच आहे का? आम्हाला पहिल्याच तासाला सांगितली होतीत.”

“चालूच आहे, नसीमा,” आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे व्हरांड्यात होते. बाबा ऑपरेशनसाठी उपाशी, अंगात हिरवा अंगरखा. आई जप करत होती. रक्त तपासणीला गेलं होतं. तेवढ्यात कुरकुर ऐकू आली. टिटवी येत होती, पण अडखळत, एखाद्या नव्या नवरीचा पाय पदरात अडकावा तशी. माळ तिच्या चाकांत गुंतली होती.

“माझ्या हालचालीत अडथळा आहे,” टिटवी गंभीरपणे म्हणाली. “माळ डोक्यावरून चाकांपर्यंत आली. माझी कावीळ उतरली, अशी नोंद करायची का?”

मृण्मयी खुदकन हसली. मग तिनं इंदूआत्याकडे बघितलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं. आत्या त्या माळेकडे टक लावून बघत होती.

“सुमीची पन अश्शीच उतरली हुती,” आत्या म्हणाली. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

सुमन ही आबांची आणि आत्याची धाकटी बहीण. मृण्मयीनं तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं. घरात तिचा फोटो नव्हता, कारण फोटो काढावा एवढी ती मोठीच झाली नव्हती.

“चार वर्षांची होती,” आबा सांगायला लागले. “फार हसरी. माळ डोक्यावर ठेवली तर म्हणाली, मी राणी झाले. माळ रोज वाढायची आणि आम्ही रोज बघायचो. गळ्यात आली, पोटाशी आली. पायांशी आली त्या दिवशी आईनं गल्लीभर साखर वाटली. त्यानंतर दोन दिवसांनी सुमन गेली.”

आबांनी टिटवीच्या चाकांत गुंतलेल्या माळेचं एक टोक बोटांत धरलं.

“मी सात वर्षांचा होतो. मला काही केल्या समजेना. माळ तर उतरली होती! मग मी स्वतःच तसली एक माळ केली आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवली. ती पण वाढली. तशीच, तेवढीच. आता खुंटीला कसली कावीळ? ओली मुळं वाळून बारीक होतात, फास सैल पडतात, आतला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. माणूस बरा होवो की न होवो, ती लांबणारच. मला त्या माळेचा कधी राग आला नाही, मृण्मयी. ती बिचारी वाळत होती. आम्हीच तिला नको तो प्रश्न विचारला.”

मृण्मयीच्या डोक्यात त्या वेळी सगळं एका जागी आलं. जी खूण बरं होणाऱ्यातही तशीच दिसते आणि बरं न होणाऱ्यातही तशीच दिसते, तिच्यावरून काहीच सांगता येत नाही, मग ती माळ असो नाहीतर रक्तातला आठशेचा आकडा. ज्या खुणेचा धागा थेट यकृताच्या कामाशी बांधलेला आहे, तीच विचारायची. आणि ती एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारायची. आबांनी टिटवी का घडवली, हेही तिला कोणी न सांगता कळलं. तिनं आबांचा हात घट्ट धरला.

इंदूआत्या उठली. गुडघ्यांवर हात टेकत वाकली, टिटवीच्या चाकांतून माळ सोडवली आणि खिडकीशी ठेवली. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “सांग गं बाय, दूध आलं का?”

“निकाल आत्ताच आला,” टिटवी म्हणाली. “गोठण्याचा आकडा काल चार पूर्णांक दोन. आज तीन पूर्णांक सहा. बाहेरचा रक्तद्रव दिलेला नाही. अमोनिया कमी झाला आहे. घोळका बदलला. आता शंभरांतली साठ आपल्याच यकृतावर बरी झालेली.”

बाबा उभे राहिले, पुन्हा बसले. कोणी मिठी मारली नाही, कोणी पेढ्यांचं नाव काढलं नाही. सगळ्यांनी आधी आबांकडे बघितलं.

“दूध आलंय,” आबा म्हणाले. “थोडंच आहे. पण आपल्या गावचं आहे.” आणि ते हसले.

डॉ. मुजावरांनी संध्याकाळच्या तपासणीपर्यंत थांबायचं ठरवलं. बाबा तोवर उपाशीच राहिले. आकडा चढला असता तर ऑपरेशन झालं असतं आणि तीही चांगलीच वाट होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऊन कलायला लागलं तशी मृण्मयी काचेजवळ गेली. कैवल्यच्या पापण्या हलत होत्या.

“काय रे,” ती ध्वनिक्षेपकात म्हणाली, “पाच वर्षांच्या मुलानं इतकं झोपायचं असतं का?”

कैवल्यनं डोळे उघडले. त्यानं तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि कपाळाला आठी घातली.

“साडेपाच,” तो म्हणाला.

आवाज इतका बारीक होता, की काचेबाहेर फक्त तिलाच ऐकू आला. पण ती ज्या वेगानं व्हरांड्यातून ओरडत पळाली, त्यावरून सगळ्यांना काय ते कळलं. संध्याकाळचा आकडा त्याहून खाली आला. बाबांनी हिरवा अंगरखा काढला आणि बाकावरच भडंगाचा पुडा फोडला. ते खात होते आणि रडत होते, त्यामुळे अर्धा भडंग बाकावर सांडला.

ती माळ मृण्मयीनं मागून घेतली. आज ती स्वतः मुलांच्या यकृतावर संशोधन करते, आणि तिच्या प्रयोगशाळेत एका खुंटीवर ती वाळकी माळ लटकते. नवे विद्यार्थी विचारतात, हे काय? मग ती पहिला तास तिथूनच सुरू करते. आबा आता नाहीत. लाल चिंधीची किटली मात्र चालू आहे.

आणि टिटवी? कैवल्य पूर्ण बरा होऊन घरी गेला. त्यानंतर काही महिन्यांनी शेवटच्या तपासणीला आला, तेव्हा ती कुरकुरत दारात आली होती. त्याचे सगळे आकडे ती आपल्या हजारो मुलांमध्ये ठेवणार होती. पुढे एखादं मूल असंच आजारी पडेल, तेव्हा तिनं निवडलेल्या शंभरांत हाही एक असेल, बरा झालेल्यांच्या बाजूला उभा.

“नाव कैवल्य आवटी,” टिटवी म्हणाली. “वय साडेपाच.”

“काहीही काय!” कैवल्य म्हणाला. “पावणेसहा!”